त्या व्हिडिओचं काय करू?

आदरणीय ताई,
मी मराठवाड्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर गायरानात पारधी समाजाची चौदा घरं आहेत. काही पत्र्याची, बाकीची पाचटाची. तिथली नऊ मुलं माझ्या वर्गात आहेत. बारा दिवसांपूर्वी रात्री गावातले काही लोक वस्तीवर गेले. गायरान खाली करा म्हणून शिवीगाळ केली, बायामाणसांना मारलं, तीन झोपड्या पेटवल्या. सकाळी मुलं आली नाहीत म्हणून मी गेले, तेव्हा अजून धूर निघत होता. मी मोबाईल काढला आणि दिसेल ते शूट केलं : जखमा, राख, रडणारे चेहरे. पुढच्या आठवड्यात अकरा जणांचं बोलणं रेकॉर्ड केलं. त्यातल्या दोघींनी मला जे सांगितलं ते घरातही सांगितलेलं नाही.
पोलिसांनी नुसती एनसी घेतली. एक पत्रकार व्हिडिओ मागतो आहे. भाऊ म्हणतो, फेसबुकवर टाक, मग बघ सगळे कसे हलतात. मुख्याध्यापक म्हणतात, बाई, नोकरी सांभाळा. आणि वस्तीवरच्या एका आजींनी विचारलं, ‘बाई, तुम्ही फोटो काढले, आता आम्हाला काही होणार नाही ना?’ मला बोलता आलं नाही. रात्री झोप लागत नाही, सारखा तो व्हिडिओ बघत बसते. मी काय करू?
– एक शिक्षिका

प्रिय मैत्रिणी,

तुझ्याएवढी मुलगी माझ्या घरात आहे, म्हणून ‘तू’ म्हणते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या आजींच्या प्रश्नापाशी थांबले. तू संध्याकाळी आपल्या खोलीवर परत जातेस, कडी लावून झोपतेस. आजी तिथेच झोपतात, राखेच्या शेजारी. ज्यांनी झोपड्या पेटवल्या ते त्यांना पाण्यावर, दुकानात, रस्त्यात रोज भेटणार आहेत. पुरावा कसा सांभाळायचा ते मी सांगते. पण त्यातलं काहीही करण्याआधी स्वतःला एक विचार : याचा परिणाम आज रात्री वस्तीवर झोपणाऱ्या माणसावर काय होईल? उत्तर ठाऊक नसेल तर त्या माणसालाच जाऊन विचार. तुझ्या फोनमध्ये जे आहे ते त्या लोकांचं आहे. तुझ्याकडे ते राखायला दिलेलं आहे, असं समज.

आता घाईचं आधी.

फेसबुकवर टाकू नकोस. तुझ्या भावाचा हेतू चांगला आहे आणि त्याचा अनुभवही अगदीच चुकीचा नाही, गाजावाजा झाल्याशिवाय पुष्कळदा ठाणं हलत नाही. पण त्या व्हिडिओत चेहरे आहेत, आवाज आहेत, लहान मुलं असतील. एकदा तो गावच्या ग्रुपवर फिरला की कोण काय बोललं हे हल्लेखोरांना घरबसल्या कळेल. पुढे साक्षीदाराच्या दारात कोणी जाऊन बसायचं, कोणाला रोजगार द्यायचा नाही, हे त्यावरून ठरेल. २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, मंत्री येऊन गेले. २०१७ च्या नोव्हेंबरात सगळे आरोपी सुटले, कारण न्यायालयात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. फितूर झालेल्या माणसाला दोष देणं सोपं आहे. त्याला त्याच गावात राहायचं होतं, हे मला त्याच्या जागी उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

फोनचं बघ. मूळ फाईल जशी आहे तशीच राहू दे. कापू नकोस, उजेड वाढवू नकोस, नाव बदलू नकोस. फोटो आणि व्हिडिओ आपोआप इंटरनेटवर साठवायची सोय चालू आहे का ते पाहा. असेल तर त्या खात्यात आणखी कोण शिरू शकतं ते तपास. पुष्कळ घरांत नवऱ्याचं, भावाचं, बायकोचं सगळ्यांचं एकच खातं असतं. फोनला बोटाच्या ठशाऐवजी सहा आकडी कुलूप लाव, झोपेत किंवा दमदाटीने बोट टेकवून घेता येतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान होते आणि कुठे, कधी, कोणत्या फोनवर काढली ही आतली माहिती गळून पडते. म्हणून कोणालाही, अगदी वकिलालाही, तशी पाठवू नकोस. केबलने किंवा पेनड्राइव्हने जशीच्या तशी नक्कल कर. दोन नकला पुरेत, दोन वेगळ्या घरांत, आणि त्यातलं एकही घर त्या गावातलं नको. पेनड्राइव्हवर पासवर्ड हवा.

पुढचं मी मऊ करून सांगू शकत नाही. तू स्वतःला मदत करणारी बाई समजतेस. कायद्याच्या नजरेत तू साक्षीदार झाली आहेस. व्हिडिओ न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जायचा असेल तर तो कोणी, कोणत्या फोनवर, कसा काढला याचं प्रमाणपत्र लागतं. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नाही तर प्रमाणपत्र हवंच, असं तिथे पक्कं झालं. नव्या कायद्यातल्या नमुन्याचे दोन भाग आहेत. एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. म्हणूनच मघाशी म्हटलं, कापू नकोस.

म्हणजे व्हिडिओ द्यायचा तर तुझं नाव कागदावर येणार, फोन मुद्देमाल म्हणून जमा होऊ शकतो, आणि काही वर्षांनी तुला पिंजऱ्यात उभं राहून उलटतपासणी द्यावी लागेल. फोन दिलास तर पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय देऊ नकोस. यासाठी तुझी तयारी आहे का, हे आधी स्वतःशी ठरव. तयारी नसेल तर वस्तीला आत्ताच सांग. ‘बाईंचा व्हिडिओ आहे’ या भरवशावर त्यांनी सगळं सोसावं आणि सुनावणीच्या दिवशी तू मागे हटावीस, यापेक्षा वाईट त्यांच्या बाबतीत काही घडू नये. मुख्याध्यापकांचं म्हणशील तर पत्रकारांशी बोलण्यावर सेवेच्या वर्तणूक नियमांची बंधनं आहेत, तेवढ्यापुरतं त्यांचं ऐक. साक्ष देणं वेगळं. न्यायालयात खरं सांगितलं म्हणून कोणाची नोकरी जाता कामा नये. तसा दबाव आलाच तर तोही तारीख-वेळेसकट लिहून ठेव.

आता ती एनसी. एनसी म्हणजे अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. आदिवासीचं राहतं घर पेटवून नष्ट करणं याला अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम ३(२)(४) मध्ये जन्मठेप सांगितली आहे. त्याची एनसी होत नाही. फिर्याद वस्तीतल्याच कोणीतरी द्यायची, तू नाही. ठाण्यात घेत नसतील तर लेखी फिर्याद रजिस्टर पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही वाट दिलेली आहे. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. फिर्याद लिहून झाल्यावर सही किंवा अंगठा घेण्याआधी ती वाचून दाखवणं आणि लगेच प्रत देणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे आणि ते जाणूनबुजून टाळलं तर शिक्षाही आहे. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केलं. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. १४५६६ ही अत्याचारांविरुद्धची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार केली की क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवायला लाव. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक १५१००. माझं मत विचारशील तर फिर्यादीला जाताना वकील बरोबर हवाच, कारण समोरून दरोड्याची क्रॉस केस येण्याची शक्यता फार मोठी आहे. पारध्यांवर दरोड्याचं कलम लावायला फारसा पुरावा लागत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

यामागे जुना इतिहास आहे आणि तो तुझ्या कामाला थेट भिडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. माणसांच्या याद्या झाल्या, बोटांचे ठसे घेतले गेले, ठाण्यात हजेरी लावल्याशिवाय गाव सोडता येईना. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली होती, तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात, पण यादीची भीती गेली नाही. तू अकरा जणांची नावं, वयं, चेहरे आणि आवाज एका फोनमध्ये गोळा केले आहेस. तुझ्यासाठी ती पीडितांची यादी आहे. चुकीच्या हातात पडली तर त्याच कागदाची संशयितांची यादी व्हायला वेळ लागणार नाही. आजींनी विचारलेल्या प्रश्नात मला ती सगळी हजेरी ऐकू आली.

म्हणून यापुढे नाव आणि हकीकत एकत्र ठेवू नकोस. हकीकतीच्या वहीत क्रमांक, कोणता क्रमांक कोणाचा हे दुसऱ्या कागदावर, आणि तो कागद वकिलाकडे. नाव काढलं म्हणजे माणूस लपला असंही समजू नकोस. हे मी स्वतः चुकून शिकले आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही चौघं एका गावात सत्यशोधनाला गेलो होतो. अहवालात एकाही बाईचं नाव छापलं नाही. पण एका ठिकाणी ‘शिवणकाम करणाऱ्या एका विधवा महिलेने सांगितले’ असं वाक्य राहून गेलं. त्या गावात शिवणयंत्र एकच होतं. दोन महिन्यांत तिला मुलं घेऊन गाव सोडावं लागलं. अहवाल आम्ही नंतर दुरुस्त केला, तिचं घर काही परत उभं राहिलं नाही.

आता ती अकरा रेकॉर्डिंगं. यापुढे नवीन रेकॉर्डिंग करू नकोस. तुला वाटेल, जितकं जास्त तितका पुरावा भक्कम. न्यायालयात उलटं घडतं. तोच माणूस तुझ्यासमोर एकदा बोलतो, पत्रकारासमोर दुसऱ्यांदा, पोलिसांसमोर तिसऱ्यांदा. दर वेळी थोडं वेगळं बोलतो, कारण घाबरलेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत येत नाही. बचावाचा वकील ते तिन्ही समोर ठेवून म्हणतो, बघा, हा खोटं बोलतोय. म्हणून सविस्तर जबाब एकदाच आणि नीट व्हावा : तपास अधिकाऱ्यासमोर, आणि जमल्यास दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. पारध्यांची बोली गुजरातीला जवळची आहे, तुलाही सगळी कळत नसेल. जबाब मराठीत उतरवला जाताना दुभाषा कोण होता हे लिहिलं गेलं पाहिजे. जातीवरून दिलेली शिवी जशीच्या तशी लिहिली गेली पाहिजे. ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढंच लिहून सोडलं की जातीचा मुद्दा तिथेच मरतो.

झालेली रेकॉर्डिंगं घाईने पुसूनही टाकू नकोस, पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे. पण एक लक्षात घे, फोन जमा झाला तर त्यातलं सगळंच जमा होईल. त्या दोघींचं बोलणंही. म्हणून व्हिडिओ सुपूर्द करण्याआधी वकिलाला या रेकॉर्डिंगांबद्दल सांग आणि अकराही जणांना एकेकट्याने भेटून विचार : हे माझ्याकडे आहे, ते कोणाकोणाच्या हाती जाऊ शकतं, आणि तुम्हाला काय हवं आहे? ‘हो’ म्हणणाऱ्याला नंतर ‘नाही’ म्हणता येतं, हेही सांग. तू त्यांच्या मुलांची बाई आहेस, त्यांना तुझ्या तोंडावर नाही म्हणणं जड जातं. तेव्हा उत्तर लगेच मागू नकोस, दोन दिवस जाऊ दे.

त्या दोघींनी काय सांगितलं ते तू मला लिहिलं नाहीस, हे फार चांगलं केलंस. कोणालाच लिहू नकोस. त्यातली एखादी अठरा वर्षांच्या आतली असेल आणि गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल, तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुला बंधनकारक आहे. मग आजच वकिलाला भेट. दोघी सज्ञान असतील तर बोलायचं की नाही, कधी, कोणाकडे, हे ठरवणं फक्त त्यांचं आहे. तू इतकंच सांग की बलात्काराच्या पीडितेला कोणत्याही रुग्णालयाने, खासगी असलं तरी, मोफत उपचार द्यायचे असतात. तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही. आणि तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. बारा दिवसांत अंगावरचा पुरावा कमी होतो, पण उपचाराची वेळ गेलेली नाही. सुरुवातीच्या दिवसांत काय हातचं जातं हे खैरलांजीने दाखवलं. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका कुटुंबातली चार माणसं मारली गेली. पहिलं शवविच्छेदन इतकं अपुरं झालं की मृतदेह पुन्हा उकरावे लागले. पुढे आठ जण दोषी ठरले, तरी अत्याचार प्रतिबंधक कायदा ना सत्र न्यायालयाने लागू केला, ना उच्च न्यायालयाने.

ज्यांना मार लागला त्यांचं काय झालं? पोलिसांची मेडिकल यादी घेऊन ते सरकारी दवाखान्यात गेले का? नसतील तर आजही जावं. जुन्या जखमेचीही नोंद होते, तिचा रंग आणि भरत आलेली खपली यावरून डॉक्टर अंदाजे वय लिहू शकतात. रक्त लागलेला कपडा कोणी ठेवला असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, तो कुजतो. सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा. आणि तो तू हातात घेऊ नकोस. जिथे आहे तिथे असू दे, तपास अधिकाऱ्याने पंचांसमोर जप्त करावा.

जळालेल्या झोपड्यांची राख अजून तशीच असेल तर उचलण्याआधी पंचनाम्याची मागणी लेखी करा. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ च्या नियम ६ प्रमाणे अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन पीडितांची आणि नुकसानीची यादी करायची असते. तिथे वस्तीने आपली यादी हातात ठेवावी : ज्वारी किती, शेळ्या किती, भांडी, गोधड्या, रेशनकार्ड, आधार, मुलांची पुस्तकं. आपल्याकडे ‘संसारोपयोगी साहित्य जळाले’ अशा एका ओळीत गरिबाचं अख्खं घर गुंडाळतात. अर्थसाहाय्य हप्त्याने मिळतं आणि बऱ्याच गुन्ह्यांत पहिला हप्ता गुन्हा नोंदवल्यावर येतो. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळते, नियम ११ मध्ये ते आहे. फारच थोड्यांना हे ठाऊक असतं. तारखेला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, आणि मजुरी बुडणार म्हणून माणूस तारखेला जात नाही, असं मी किती वेळा पाहिलं.

गायरानाचे कागद शोधा. या हल्ल्याचं मूळ जमिनीत आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला झाला. तेव्हापासून गायरानाच्या लढाईत एक विलक्षण गोष्ट घडत आली आहे : अतिक्रमण केलं म्हणून तलाठ्याने दंड केला, तर त्या दंडाची पावती हाच ताब्याचा पुरावा ठरतो. म्हाताऱ्या माणसांनी त्या पावत्या डब्यात, पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं जपल्या आहेत. कदाचित आजींकडेही असतील, किंवा जळाल्या असतील. जळाल्या असतील तर गाव नमुना १-ई ची नक्कल तहसीलमधून मागता येते. म्हणून कोणी म्हणालं की या लोकांना दस्तऐवज ठेवायला शिकवलं पाहिजे, तर मला ते पटत नाही. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला आणि त्यावरचा दिवाणी दावा उच्च न्यायालयात संपला तो १९३७ मध्ये. दहा वर्षं कागद सांभाळूनच ते झालं.

आणि तुझ्या शाळेत एक कागद आहे ज्याची किंमत तुझ्या व्हिडिओइतकीच आहे, कदाचित जास्त. प्रवेश-निर्गम रजिस्टर, ज्यात मुलाची जात लिहिलेली असते. पारध्यांपैकी पुष्कळांकडे जातीचा दाखला नसतो. गुन्हा नोंदवायला तो आधी आणा अशी अट कायद्यात नाही, ठाण्यात मात्र हमखास अडवतात. पुढे खटल्यात जमात सिद्ध करावीच लागते. पालकांनी रीतसर अर्ज केला तर रजिस्टरचा उतारा देणं हे शाळेचं नेहमीचं काम आहे. त्यात मुख्याध्यापकांनाही घाबरण्यासारखं काही नाही. वस्तीतल्या मोठ्या माणसांपैकी कोण कधी कोणत्या शाळेत दोन वर्षं का होईना बसलं होतं, ते विचार. तो उतारा पन्नास वर्षांचा जुना असला तर फारच उत्तम.

खरं सांगू का, आगीचा व्हिडिओ निघतो, पण पुढे जे होणार आहे त्याचा निघत नाही. दुकानदार उधारी बंद करतो. गिरणीवाला म्हणतो, आज लाईट नाही. पाण्याची पाळी शेवटी येते. ऊसतोडीचा मुकादम उचल देत नाही. याला कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार म्हणतात आणि तो अत्याचार आहे, पण एकेक घटना इतकी बारीक असते की सांगणाऱ्यालाच वाटतं, यात काय सांगायचं. यासाठी शंभर पानी वही पुरते. पानांना आधी क्रमांक घालायचे, म्हणजे पान फाडलं की कळतं. तारीख, वेळ, कोण, काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, आणखी कोण हजर होतं. पाहिलेलं एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला, आणि आपला अंदाज लिहायचाच नाही. ही वही तू लिहू नकोस. वस्तीत आठवी-दहावी शिकलेलं कोणीतरी असेलच, त्याने किंवा तिने लिहावी, आणि ती कुठे ठेवायची हे वस्तीने ठरवावं. तू फक्त वही घेऊन दे आणि कसं लिहायचं ते एकदा दाखव.

फोन वापरायची वेळ पुन्हा आलीच, तर तारीख-वेळ बरोबर आहे ना ते आधी बघायचं. रस्ता, झाड, टाकी असं ओळखू येणारं काही दिसेल असं लांबून सुरू करायचं. हात स्थिर, दहा सेकंद एका जागी, मग हळूच जवळ. चेहऱ्याऐवजी हात, पाय, पाठ, वस्तू. आपण बोलायचं नाही, आणि कोणाचं नाव तर घ्यायचंच नाही. टेला नावाचं एक ॲप आहे, ते फोटो कुलूपबंद करून गॅलरीबाहेर ठेवतं. प्रूफमोड नावाचं दुसरं आहे, ते फोटो कधी-कुठे काढला याची खूण त्याला जोडून ठेवतं. वापरायला हरकत नाही. पण मारहाण चालू असताना फोन काढणं म्हणजे मार ओढवून घेणं. तेव्हा ११२ लावायचा आणि मुलांना घेऊन निघायचं. व्हिडिओ राहिला तर राहू दे.

पत्रकाराला सांग की मी काही देऊ शकत नाही. एनसीचा क्रमांक आणि तारीख ठाण्यात मिळते, त्यावरून चांगला पत्रकार स्वतः बातमी काढतो. वस्तीतल्या कोणाला बोलायचं असेल तर ती माणसं आपण होऊन बोलतील, पाठमोरी बसून, फिर्याद नोंदवल्यानंतर, मुलांना बाजूला ठेवून. ज्यांना बोलायचं नाही त्यांना कोणी भित्रं म्हणू नये. आणि वस्तीने उद्या ठरवलं की आम्हाला केस नको, फक्त झोपड्या बांधून द्या आणि जगू द्या, तर तुला वाईट वाटेल. मलाही वाटलं असतं. तरी ते ऐक. सगळ्या नकला नीट ठेव, सहा महिन्यांनी विचार बदलू शकतो. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षभराच्या आत तक्रार करता येते, तेवढी तारीख त्यांना सांगून ठेव. केस झालीच आणि धमक्या आल्या तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. वकिलाला त्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारा, धमकी येण्याची वाट बघू नका.

तुझ्या झोपेबद्दल. रात्री तो व्हिडिओ बघणं बंद कर. पुराव्याला त्याचा उपयोग नाही आणि तुला त्याने इजा होते आहे. नकला झाल्या की ती फाईल उघडायची गरजच नाही. एखाद्या जवळच्या मैत्रिणीशी बोल, घटनेबद्दल नाही, तुला काय होतंय त्याबद्दल. महिनाभरात झोप आली नाही तर डॉक्टरकडे जा, लाजू नकोस. ही केस उभी राहिली तर पाच-सात वर्षं चालेल आणि तेव्हा तू उभी असायला हवीस.

आजींना उत्तर द्यायचं राहिलं आहे. उद्या शाळा सुटल्यावर जा, फोन खोलीवर ठेवून जा. त्यांना खरं सांग : ‘काही होणार नाही असं मी म्हणू शकत नाही. मी फोटो काढले तेव्हा तुम्हाला विचारलं नव्हतं, ते माझं चुकलं. ते कोणाला दाखवलेले नाहीत. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा.’ मग गप्प बस. त्या बराच वेळ बोलणार नाहीत कदाचित. चहा दिला तर घे.

तुझी,
ताई